रशियन गॅसविना युरोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२२ च्या रशिया-युक्रेन युद्धानंतर युरोपने रशियन गॅसवरचं अवलंबित्व कसं कमी केलं, या विषयावर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सलग वाचायची गरज नाही. हवा तो प्रश्न उघडा, जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. माझं मत मात्र आधीच सांगायला हवं: या सगळ्या धडपडीत सर्वांत कमी कौतुक झालं ते न जाळलेल्या गॅसचं, आणि माझ्या लेखी सर्वांत मोलाचा तोच होता.

१. नैसर्गिक वायू म्हणजे सिलिंडरमधलाच गॅस ना?

नाही. सिलिंडरमध्ये एलपीजी असतो, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. थोड्या दाबाखालीच त्याचा द्रव होतो, म्हणून तो टाकीत भरून कुठेही नेता येतो. नैसर्गिक वायू हा मुख्यतः मिथेन. साध्या तापमानाला कितीही दाबला तरी तो द्रव होत नाही. त्यासाठी उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो. युरोपात याच वायूवर घरं तापतात, वीज बनते, काच वितळते आणि खतासाठी लागणारा अमोनिया तयार होतो.

२. युरोप एकाच देशावर इतका विसंबून राहिलाच कसा?

हळूहळू, आणि दर टप्प्यावर व्यवहार फायद्याचा दिसत होता म्हणून. सोव्हिएत गॅस ऑस्ट्रियात १९६८ मध्ये पोहोचला, पश्चिम जर्मनीत १९७३ मध्ये. शीतयुद्धाच्या ऐन तणावातही पुरवठा चालू राहिला, त्यामुळे ‘मॉस्को गॅसचं राजकारण करत नाही’ असा विश्वास बसला. पुढे युरोपचं स्वतःचं उत्पादन घटत गेलं आणि रशियाचा वाटा वाढत गेला. २०२१ मध्ये युरोपीय संघाने रशियाकडून सुमारे १५५ अब्ज घनमीटर गॅस घेतला, म्हणजे एकूण आयातीच्या जवळपास ४५ टक्के. जर्मनीत हा वाटा ५५ टक्क्यांच्या घरात होता.

इशारे मिळाले नव्हते असं नाही. २००६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २००९ मध्ये रशिया-युक्रेन वादात पुरवठा तुटला. २००९ मध्ये बल्गेरिया आणि स्लोव्हाकियात ऐन थंडीत सुमारे दोन आठवडे हाल झाले. त्यातून काही देश शिकले. लिथुआनियाने २०१४ मध्ये क्लायपेडा बंदरात एलएनजीचं (म्हणजे थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूचं) तरंगतं टर्मिनल आणलं आणि त्या जहाजाचं नाव ठेवलं ‘इंडिपेंडन्स’. एप्रिल २०२२ मध्ये रशियन गॅस थांबवत असल्याची घोषणा हा देश करू शकला, तो आठ वर्षांपूर्वीच्या त्या निर्णयामुळे.

३. तेल जसं दुसरीकडून मागवता येतं तसा गॅस का नाही मागवता येत?

तेलाचं जहाज कुठल्याही बंदराकडे वळवता येतं. पाइपलाइनचा गॅस जिथे पाइप संपतो तिथेच जातो. विकणारा आणि घेणारा लोखंडाने एकमेकांना बांधलेले असतात. जहाजाने आणायचा तर आधी गोठवणारा कारखाना हवा, मग खास जहाज हवं आणि उतरवताना पुन्हा वायू करणारं टर्मिनल हवं. द्रव झाल्यावर आकारमान सुमारे ६०० पटींनी घटतं, म्हणून हा खटाटोप परवडतो. पण गोठवणारे कारखाने उभारायला वर्षं लागतात. संकटाच्या वर्षात जगातला एलएनजी वाढत नाही, तो फक्त जास्त पैसे देणाऱ्याकडे वळतो. त्याचे परिणाम प्रश्न १६ मध्ये.

४. पुरवठा नेमका कोणी तोडला, युरोपने की रशियाने?

२०२२ मध्ये पाइपलाइनच्या गॅसवर युरोपीय संघाने बंदी घातलीच नव्हती. कोळशावर आणि समुद्रमार्गे येणाऱ्या कच्च्या तेलावर घातली. गॅसला हात लावायची तयारी नव्हती. जर्मनीने २२ फेब्रुवारीला रशियातून बाल्टिक समुद्राखालून थेट जर्मनीत येणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम २ ची मंजुरी रोखली, पण ती लाइन अजून सुरूच झाली नव्हती.

तोडायला सुरुवात रशियाने केली. ३१ मार्चला रूबलमध्ये पैसे देण्याचा हुकूम निघाला. नकार देणाऱ्या पोलंड आणि बल्गेरियाचा गॅस २७ एप्रिलला बंद झाला, पाठोपाठ फिनलंडचा. जूनमध्ये नॉर्ड स्ट्रीम १ चा प्रवाह ४० टक्क्यांवर आला, जुलैअखेर २० टक्क्यांवर, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीपासून शून्यावर. २६ सप्टेंबरला बाल्टिक समुद्रातल्या स्फोटांनी त्या पाइपाच फुटल्या.

त्याआधीचा एक धागा सहसा सुटतो. २०२१ च्या शरद ऋतूतच जर्मनीतलं रेहडेनचं प्रचंड भूमिगत साठवण केंद्र जवळजवळ रिकामं होतं आणि त्याचा ताबा गाझप्रोम या रशियन सरकारी गॅस कंपनीच्या उपकंपनीकडे होता. युद्ध सुरू व्हायच्या कितीतरी आधी कोठाराची किल्ली विक्रेत्याच्या हातात होती.

५. सगळ्यात आधी काय केलं?

कोठारं भरली. जून २०२२ च्या नियमाने प्रत्येक देशाला १ नोव्हेंबरपर्यंत साठे ८० टक्के भरणं बंधनकारक झालं, पुढच्या वर्षांसाठी ९० टक्के. ज्यांच्याकडे भूमिगत कोठारंच नाहीत त्यांनी आपल्या वार्षिक वापराच्या १५ टक्के इतका गॅस शेजाऱ्याकडे ठेवायचा. नोव्हेंबरमध्ये एकूण साठा ९५ टक्क्यांच्या आसपास गेला.

किंमत मात्र भयंकर मोजावी लागली. नेदरलँड्सच्या टीटीएफ बाजारात, जो युरोपभरच्या दराचा मापदंड आहे, ऑगस्ट २०२२ अखेरीस भाव मेगावॉट-तासाला सुमारे ३४० युरोवर गेला. संकटापूर्वी वर्षानुवर्षं तो २० युरोच्या आसपास असायचा. अमुक तारखेपर्यंत तुम्हाला घ्यावाच लागणार, हे विकणाऱ्यांना ठाऊक असलं की भाव चढणारच. म्हणूनच २०२५ मध्ये नियम सैल केला: ९० टक्क्यांचं उद्दिष्ट १ ऑक्टोबर ते १ डिसेंबर या काळात केव्हाही गाठलं तरी चालेल. हे आधीच सुचायला हवं होतं.

६. साठे ९५ टक्के भरले म्हणजे हिवाळ्याची चिंता मिटली, बरोबर?

मिटली नाही, कमी झाली. संघाची साठवण क्षमता सुमारे १०० अब्ज घनमीटर आहे, तर २०२१ मध्ये वर्षाचा वापर ४०० अब्जांहून जास्त होता. कोठार म्हणजे हिवाळ्याचा आधार. रोजचा पुरवठा चालू आहे असं धरून केलेली ती बेगमी आहे.

दुसरी गोष्ट दाबाची. जुन्या रिकाम्या झालेल्या वायुक्षेत्रात साठवलेला गॅस जसजसा उपसावा तसतसा आतला दाब उतरतो आणि दिवसाला बाहेर निघणारं प्रमाण घटतं. फेब्रुवारीअखेर ३० टक्के साठा शिल्लक दिसत असला, तरी त्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली तर हवा तितका गॅस वेळेवर बाहेर येईलच असं नाही. मिठाच्या गुहांमधली कोठारं भराभर रिकामी करता येतात, पण त्यांत मावतो कमी. म्हणून नुसता टक्क्यांचा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये.

७. घराचं तापमान एक अंशाने कमी करून खरंच काही साधतं का?

हा प्रश्न बहुतेक जण शंकेनेच विचारतात, म्हणून आकडाच सांगणं बरं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ३ मार्च २०२२ ला दहा कलमी आराखडा दिला. त्यातल्या हिशेबानुसार युरोपभर इमारतींचं तापमान एक अंशाने उतरवलं तर वर्षाला सुमारे १० अब्ज घनमीटर गॅस वाचतो. नॉर्वेचा गॅस डेन्मार्कमार्गे पोलंडला नेणाऱ्या, २७ सप्टेंबर २०२२ ला उद्घाटन झालेल्या बाल्टिक पाइपची पूर्ण वार्षिक क्षमता तेवढीच आहे, १० अब्ज घनमीटर. एका बाजूला वर्षानुवर्षांची आखणी, समुद्रतळावर पाइप, कॉम्प्रेसर स्टेशन. दुसऱ्या बाजूला भिंतीवरचं एक बटण.

जर्मनीने १ सप्टेंबर २०२२ पासून सरकारी कार्यालयांत १९ अंशांची मर्यादा घातली. इटलीने तापवण्याचा हंगाम १५ दिवसांनी, रोजचा वेळ एक तासाने आणि तापमान एक अंशाने कमी केलं. स्पेनने उन्हाळ्यातच सार्वजनिक जागांच्या वातानुकूलनाला २७ अंशांची मर्यादा घातली, कारण वीज वाचली की ती बनवायला लागणारा गॅस वाचतो. वृद्ध, आजारी आणि तान्ही बाळं असलेल्या घरांना यातून वगळलंच पाहिजे. थंडीत कुडकुडणाऱ्या आजीच्या खोलीतून वाचवलेला गॅस ही बचत नाही.

८. १५ टक्के बचतीची सक्ती होती की नुसतं आवाहन? आणि प्रत्यक्षात किती वाचला?

ऑगस्ट २०२२ च्या नियमानुसार ते ऐच्छिक होतं: आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा १५ टक्के कमी, ऑगस्ट ते मार्च. परिस्थिती बिघडली तर सक्ती करायची तरतूद होती. ती वापरावी लागली नाही. इतरांच्या गॅस जाळ्याला न जोडलेल्या देशांना सक्तीतून सूट होती, कारण तिथे वाचलेला गॅस पाइपने कोणाकडे जाऊच शकत नव्हता.

प्रत्यक्षात घट सुमारे १८ टक्के झाली. मात्र सगळं श्रेय निश्चयाला देता येत नाही. शरद ऋतू उबदार गेला, दरांनी लोकांना भाग पाडलं आणि काही कारखाने थंड पडले. त्या शेवटच्या कारणाबद्दल पुढच्या प्रश्नात.

९. कारखाना बंद पडला तर त्यालाही ‘बचत’ म्हणायचं का?

म्हणू नये. सरकारी आकडेवारीत दोन्ही एकाच रकान्यात बसतात, आणि मला यातली ही गोष्ट सर्वांत जास्त खटकते. काचेच्या भट्टीतली वाया जाणारी उष्णता पुन्हा वापरात आणली तर ती बचत. भट्टीच विझवली तर ते नुकसान, आणि माल दुसरीकडून आणला तर परावलंबनाने फक्त वेश बदललेला असतो.

खतांचं उदाहरण बोलकं आहे. अमोनियासाठी नैसर्गिक वायू हा इंधनाबरोबरच कच्चा मालही आहे. २०२२ मध्ये भाव भडकले तसे युरोपातले अमोनियाचे अनेक प्रकल्प थांबले किंवा अर्ध्या क्षमतेवर आले. शेतकऱ्याला खत तर हवंच होतं. ते बाहेरून आलं आणि त्यात रशियन खतही होतं. पाइपने न घेतलेला गॅस पोत्यातून आला. जुलै २०२५ पासून संघाने रशियन खतांवर वाढीव शुल्क लावायला सुरुवात केली, ती याच कारणाने.

१०. गॅस कमी पडला असता तर आधी कोणाचा तोडला असता?

उद्योगांचा. युरोपीय नियमांत घरगुती ग्राहक ‘संरक्षित’ आहेत, त्यांच्याबरोबर रुग्णालयांसारख्या अत्यावश्यक सेवाही. जर्मनीच्या आपत्कालीन योजनेत तीन पायऱ्या आहेत: पूर्वसूचना, धोक्याचा इशारा, आणीबाणी. पहिली ३० मार्च २०२२ ला आली, दुसरी २३ जूनला. तिसरी कधीच जाहीर झाली नाही.

११. सरकारने दरात सवलत दिली की लोक वाचवतील कशाला?

रास्त शंका. सरसकट दर कमी केला तर वापर वाढतो आणि तो पैसा शेवटी गॅस विकणाऱ्याच्याच खिशात जातो. जर्मनीने यावर काढलेला तोडगा मला या संपूर्ण काळातला सर्वांत हुशार निर्णय वाटतो. घराच्या अंदाजित वार्षिक वापराच्या ८० टक्क्यांवर युनिटला १२ सेंट दर धरून सवलतीची रक्कम आधीच ठरवून टाकली.

समजा एका घराचा अंदाजित वापर १०,००० युनिट आहे आणि कराराचा दर २० सेंट. फरक ८ सेंट, गुणिले ८,००० युनिट, म्हणजे ६४० युरोची सवलत. बिल २,००० वरून १,३६० युरोवर येतं. आता त्या घराने वापर ७,००० युनिटवर आणला, तर बिल १,४०० वजा तेच ६४०, म्हणजे ७६० युरो. वाचवलेल्या प्रत्येक युनिटचे पूर्ण २० सेंट घरात राहतात. मदतही मिळाली आणि वाचवण्याची ओढही टिकली.

त्रुटीही होती. पूर्वी उधळपट्टी करणाऱ्याला जास्त सवलत मिळाली आणि आधीपासून काटकसरीने राहणाऱ्याला कमी.

१२. एवढी मोठी टर्मिनल काही महिन्यांत कशी उभी राहिली?

ती उभारली नाहीत, भाड्याने आणली. द्रव गॅस साठवून पुन्हा वायू करणारी सगळी यंत्रणा जहाजावरच असते. बंदरात लागतो धक्का आणि मुख्य वाहिनीपर्यंतची जोडणी. जर्मनीने २७ फेब्रुवारी २०२२ ला टर्मिनल उभारायचं जाहीर केलं, मे महिन्यात परवानग्या झटपट देणारा कायदा केला आणि १७ डिसेंबरला विल्हेल्म्सहाफेन इथे पहिलं तरंगतं टर्मिनल सुरू झालं. नेदरलँड्सचं एम्सहाफेन सप्टेंबरमध्येच चालू झालं होतं.

ही घाई समजण्यासारखी होती. पण दीर्घ मुदतीची कंत्राटं आणि जमिनीवरची कायम टर्मिनल यांच्यामुळे पुढची कित्येक वर्षं गॅस जाळत राहण्याची सक्ती ओढवून घेतली जाते. गरज संपली की जहाज परत पाठवता येतं; काँक्रीट पाठवता येत नाही.

१३. स्पेनकडे तर भरपूर टर्मिनल होती. त्यांनी जर्मनीला गॅस का नाही दिला?

मध्ये पिरेनीज पर्वत आहे आणि तो ओलांडणाऱ्या पाइप अगदी अपुऱ्या आहेत. द्रव गॅसचा पुन्हा वायू करण्याच्या संघाच्या क्षमतेचा जवळपास तिसरा हिस्सा स्पेनमध्ये होता, पण फ्रान्सकडे जाणारी वाट अरुंद. ती रुंदावण्याची ‘मिडकॅट’ योजना आधी गुंडाळली गेली, २०२२ मध्ये पुन्हा चर्चेत आली आणि पुन्हा बारगळली.

१४. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनचं एवढं मोठं क्षेत्र होतं. ते पुन्हा का उघडलं नाही?

कारण त्यावर माणसं राहतात. १९५९ मध्ये सापडलेल्या या क्षेत्रातून दशकानुदशकं गॅस काढल्याने जमीन खचू लागली, भूकंप होऊ लागले. २०१२ मध्ये हाउझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. हजारो घरांना तडे गेले. ऐन टंचाईतही डच सरकारने उत्पादन किमान पातळीवरच ठेवलं आणि १ ऑक्टोबर २०२३ ला ते थांबवलं. स्वदेशी गॅस म्हणजे फुकटचा गॅस नाही, त्याची किंमत कोणीतरी भरतं. ग्रोनिंगेनच्या लोकांनी ती खूप वर्षं भरली.

इथे एक तांत्रिक अडचणही आहे. ग्रोनिंगेनच्या गॅसमध्ये नायट्रोजन जास्त असल्याने त्याचं उष्णतामूल्य कमी. त्याच्यासाठी बनवलेल्या बर्नरमध्ये नॉर्वेचा किंवा एलएनजीचा गॅस तसाच जाळता येत नाही. एकतर त्यात नायट्रोजन मिसळावा लागतो, नाहीतर घरोघरी जाऊन उपकरणं बदलावी लागतात. ‘गॅस तो गॅस’ हे म्हणूनच खरं नाही.

१५. गॅसऐवजी विजेवर घर तापवलं, पण ती वीजही गॅसचीच असेल तर काय फायदा?

फायदा होतो, हिशेब करून पाहा. गॅसच्या बॉयलरमध्ये १ युनिट गॅसमधून साधारण ०.९ युनिट उष्णता मिळते. तोच गॅस चांगल्या वीजकेंद्रात जाळला तर सुमारे ०.५ युनिट वीज मिळते. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे १ युनिट विजेवर सुमारे ३ युनिट उष्णता देतो. म्हणजे ०.५ ची झाली १.५. कडाक्याच्या थंडीत हा आकडा खाली येतो, आणि भिंती-खिडक्यांतून वारा शिरत असेल तर पंपाची निम्मी मेहनत वाया जाते. म्हणून आधी घर बंदिस्त करावं, मग पंप बसवावा. २०२२ मध्ये युरोपात सुमारे ३० लाख हीट पंप विकले गेले. पुढच्या वर्षी गॅसचा भाव उतरला तशी विक्रीही उतरली, हे दुर्दैव.

अणुवीज आणि जलविद्युत यांनी नेमकी २०२२ मध्येच पाठ फिरवली. फ्रान्सच्या अनेक अणुभट्ट्यांच्या पाइपांत गंजजन्य तडे आढळल्याने २०२२ चं उत्पादन तीस वर्षांतलं सर्वांत कमी ठरलं, आणि दुष्काळाने धरणं आटली. जर्मनीने उरलेल्या तीन अणुभट्ट्या काही महिने लांबवून १५ एप्रिल २०२३ ला बंद केल्या आणि मधल्या काळात राखीव कोळसा केंद्रं पेटवली. पर्याय एकमेकांपासून जितके वेगळे तितके बरे, कारण एक कोसळला तर दुसरा तरी उभा राहतो.

१६. युरोपने जहाजं खेचून नेली, तेव्हा इतरांचं काय झालं?

पाकिस्तानने जुलै २०२२ मध्ये एलएनजीच्या दहा खेपांसाठी निविदा काढली, एकही बोली आली नाही. बांगलादेशने त्याच सुमारास बाजारभावाने खरेदी थांबवली. दोन्ही देशांत लोकांनी भारनियमन सोसलं. श्रीमंत खंड सुरक्षित झाला तो काही अंशी इतरांच्या अंधारावर, आणि हे युरोपच्या यशाच्या वर्णनांत क्वचितच येतं. बचतीच्या बाजूने माझं सर्वांत मोठं कारण हेच: न जाळलेला गॅस कोणाच्या तोंडचा काढून आणावा लागत नाही.

१७. मग रशियन गॅस आता पूर्ण बंद झाला का?

२०२४ पर्यंत तरी नाही. आयातीतला वाटा २०२१ मधल्या ४५ टक्क्यांवरून २०२४ मध्ये १९ टक्क्यांवर आला. पण २०२३ पेक्षा २०२४ मध्ये तो थोडा वाढला होता. युक्रेनमधून जाणारा मार्ग १ जानेवारी २०२५ ला करार संपताच बंद झाला. त्यानंतरही काळ्या समुद्राखालून तुर्कस्तानात येणाऱ्या टर्कस्ट्रीम या रशियन पाइपलाइनमधून हंगेरी, स्लोव्हाकियाकडे गॅस जात राहिला आणि रशियातल्या यमालचा एलएनजी पश्चिम युरोपातल्या बंदरांत उतरत राहिला. २०२७ अखेरपर्यंत हे सगळं थांबवण्याचा आराखडा युरोपीय आयोगाने मे २०२५ मध्ये मांडला.

१८. रशियाच्या जागी अमेरिका आली. परावलंबन तेच राहिलं ना?

पूर्ण तेच नाही. पाइपचा विक्रेता बदलता येत नाही, जहाजाचा बदलता येतो. तरी धोका संपत नाही. ८ जून २०२२ ला टेक्ससमधल्या फ्रीपोर्टच्या निर्यात प्रकल्पात आग लागली आणि अमेरिकेच्या एलएनजी निर्यात क्षमतेचा मोठा भाग काही महिने ठप्प झाला. २०२४ मध्ये जगातला सुमारे पाचवा हिस्सा एलएनजी होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून गेला. नॉर्वे आज संघाचा सर्वांत मोठा पुरवठादार आहे आणि विश्वासू आहे. पण तिथली देखभालीची कामं लांबली तरी टीटीएफचा भाव हलतो.

१९. पाइपमध्ये सगळा गॅस मिसळतो. मग त्यातला रशियन कोणता हे ओळखणार कसं?

गॅसकडे पाहून नाहीच ओळखता येत. मिथेनच्या रेणूवर देशाचं नाव नसतं. ओळखायचं ते कागदांवरून: कंत्राट कोणाशी, गॅस कुठल्या सीमेवरून आत आला, जहाज कुठे भरलं. तुर्कस्तानमार्गे येणाऱ्या गॅसबाबत हे सर्वांत अवघड, कारण तिथे रशियन, अझरबैजानी आणि एलएनजीचा गॅस एकाच जाळ्यात येतो. आयोगाच्या जून २०२५ च्या प्रस्तावात म्हणून पुराव्याचं ओझं उलटं ठेवलं: टर्कस्ट्रीमच्या सांध्यावर आलेला गॅस रशियनच धरायचा, आणि तो तसा नसेल तर कागद दाखवायची जबाबदारी आयातदाराची.